अक्कलदाढ आणि ती काढणारे हात

बोरी अरब हे आमच्या गावाचं नाव दोन भाषांचं आहे. बोरी आपल्या मातीतली, अरब दूरचा. पण दोघं इतकी वर्षं एकमेकांना चिकटून बसलेत की यवतमाळहून दारव्ह्याकडे जाणाऱ्या एसटीत तिकीट मागताना कुणाला त्यात काही वेगळं वाटत नाही. मराठीत असे जोडशब्द ढिगाने आहेत. त्यातला एक तर आपल्या सगळ्यांच्या तोंडात आहे, अगदी शब्दशः तोंडात. तो म्हणजे अक्कलदाढ.

यातली दाढ संस्कृत 'दंष्ट्रा'वरून, प्राकृतातल्या 'दाढा'वरून आली. अक्कल अरबी. अरबीत 'अक्ल' या शब्दाच्या मुळाशी बांधण्याची, आवरून धरण्याची कल्पना आहे. उंटाचा गुडघा ज्या दोरीने बांधतात ती 'इकाल'. अरब लोक डोक्यावरच्या रुमालावर जी काळी गोल दोरी घालतात, तिचंही नाव तेच. म्हणजे माणसाला उधळू न देणारी दोरी ती अक्कल. गंमत अशी की प्राचीन ग्रीक वैद्यांनीही या दाढेला जे नाव दिलं, 'सोफ्रोनिस्टेरेस', त्याच्या मुळाशीही संयमच आहे. लॅटिनमध्ये ती शहाणपणाची दाढ झाली, अरबीत 'दिर्स-उल-अक्ल', फारसीत 'दंदान-ए-अक्ल'. तुर्कांनी मात्र सरळ हिशेब केला आणि तिला विसाव्या वर्षाचा दात म्हटलं. जपानी तिला 'ओयाशिराझु' म्हणतात, आईबापांना ठाऊक नसलेली, कारण ती येते तेव्हा मूल आईबापांच्या हाताबाहेर गेलेलं असतं. कोरियात तर ती प्रेमाची दाढ आहे. त्या वयात अक्कल येते की जाते, यावर कोरियन लोकांचं मत वेगळं दिसतं!

इब्न सीना (९८० ते १०३७) आपल्या 'अल-कानून' या ग्रंथात लिहितो की माणसाला बत्तीस दात असतात, पण काहींना शेवटच्या चार दाढा येतच नाहीत आणि त्यांचे दात अठ्ठावीसच राहतात. या दाढा वयात आल्यानंतर आणि साधारण तिशीच्या आत येतात, म्हणून त्यांचं नातं समज येण्याशी जोडलं गेलं. आजचं दंतशास्त्र सतरा ते पंचवीस हे वय सांगतं. हजार वर्षांत फारसा फरक पडलेला नाही.

इथे थोडं आडवळण घेतो, कारण वऱ्हाडात हे विचारल्याशिवाय कुणी राहायचं नाही. दाढ दुखली की आमची दादी लवंग चावायला द्यायची आणि लवंगेने भागलं नाही तर अक्कलकाऱ्याचा तुकडा. मला लहानपणी वाटायचं की अक्कलदाढेचं औषध म्हणून त्याचं नाव अक्कलकारा. तसं ते नाही. हे मूळ उत्तर आफ्रिकेतून येणारं. त्याचं अरबी नाव 'आकिरकर्हा'. ते इथे आल्यावर संस्कृतात 'आकारकरभ' झालं, शार्ङ्गधर संहितेत जाऊन बसलं आणि मराठीत त्याचं अक्कलकारा झालं. त्यातली अक्कल ही आपली अक्कल नव्हेच, नुसता कानाला झालेला भास. तोंडात ठेवलं की जीभ बधिर होते, लाळ सुटते, दुखणं थोडा वेळ विसरायला होतं. हकीम आणि वैद्य दोघांच्याही बटव्यात ते होतं. औषधाने धर्म विचारलेला मला तरी आठवत नाही.

आता मुख्य दुखण्याकडे. अक्कलदाढेचा खरा त्रास ती येण्याचा नसतो, तिला जागा नसण्याचा असतो. जबडा लहान, दाढ शेवटची. मग ती तिरपी फुटते, पुढच्या दाढेवर रेलते, किंवा अर्धी वर येऊन तिच्यावर हिरडीची झडप तशीच राहते. त्या झडपेखाली अन्न अडकतं, पू होतो, गाल सुजतो, तोंड उघडत नाही, घोट गिळवत नाही. सुश्रुताने हे नेमकं पाहिलं होतं. सुश्रुत संहितेत मुखरोगांच्या अध्यायात 'अधिमांसक' नावाचा रोग आहे: जबड्याच्या अगदी मागच्या दाताशी मोठी सूज, मोठी वेदना, लाळ गळणे. आजच्या कुठल्याही डेंटल ओपीडीत रोज दिसणाऱ्या रुग्णाचं हे वर्णन आहे. उपायही सरळ आहे. वाढलेलं मांस कापायचं, वेखंड, पहाडमूळ, सज्जीखार, जवखार यांची पूड मधातून लावायची आणि कडू पडवळ, त्रिफळा, कडुनिंब यांच्या काढ्याने चूळ भरायची. त्याच ठिकाणी 'वर्धन' म्हणून आणखी एक दुखणं सांगितलंय, ज्यात जास्तीचा दात तीव्र वेदनेने उगवतो आणि वर आला की दुखणं थांबतं. तो काढून जागा डागावी, असं सुश्रुत म्हणतो. मात्र एक ताकीदही देतो. वरच्या जबड्याचा दात हलत असला तरी वैद्याने तो ओढू नये, रक्त फार जातं आणि डोळ्यांपर्यंत, चेहऱ्यापर्यंत अनर्थ होतो. आज आपल्याला हे खरं वाटणार नाही, पण जंतूंचं ज्ञान नसलेल्या काळात वरचा दात काढल्यावर संसर्ग कुठवर पोचत असेल याची कल्पना करून बघा.

हा ग्रंथ इथेच थांबला नाही. आठव्या शतकाच्या अखेरीस बगदादमध्ये याह्या बिन खालिद बरमकी याच्या सांगण्यावरून मनका नावाच्या भारतीय वैद्याने त्याचा अरबीत तर्जुमा करून दिला. इब्न नदीमच्या 'फिहरिस्त'मध्ये त्याची नोंद आहे. अर-राझीसारख्या हकिमाने आपल्या लिखाणात सुश्रुताचे दाखले दिले. आपल्याकडे या गोष्टीचा अभिमान दोन वेगवेगळ्या गटांत वाटून घेतला जातो. एक गट फक्त सुश्रुत सांगतो, दुसरा फक्त अरब हकीम. या दोघांची बगदादमध्ये गाठ पडली होती, हे दोघंही सांगत नाहीत.

या साऱ्या परंपरेत दात काढण्यावर सगळ्यात सविस्तर लिहिलं ते अंदलुसियातल्या अबुल कासिम अज-जहरावी याने. हा कुर्तुब्याजवळच्या मदीनतुज-जहरा या शहराचा. साधारण इसवी सन १००० च्या सुमारास त्याने 'अत-तसरीफ' हा तीस भागांचा ग्रंथ पूर्ण केला. त्याचा तिसावा भाग शस्त्रक्रियेचा. त्यात सुमारे दोनशे हत्यारांची चित्रं आहेत. दातांवरचं कीटण खरवडायची कितीतरी हत्यारं, दात पकडायचे चिमटे, तुटलेलं मूळ वर आणायचे तरफेसारखे लोखंडी दांडे. हलणारे दात सोन्याच्या तारेने बांधायची रीतही त्यात आहे.

पण मला हत्यारांपेक्षा त्याचं बोलणं जास्त भावतं. तो म्हणतो, दात काढायची घाई करू नका. आधी सगळे उपाय करून पाहा, कारण गेलेला दात परत आणता येत नाही. काढायचाच असेल तर आधी नेमका कुठला दुखतोय याची खात्री करा. दुखणं माणसाला फसवतं. रोगी चांगल्या दाताकडे बोट दाखवतो, तो काढला जातो आणि दुखणारा तिथेच राहतो. हे न्हाव्यांच्या हातून होताना आपण पाहिलंय, असंही तो स्पष्ट लिहितो. मग पद्धत: दाताभोवतीची हिरडी आधी सोडवून घ्यायची, बोटांनी किंवा नाजूक चिमट्याने दात हळूहळू हलवायचा, मग रोग्याचं डोकं आपल्या गुडघ्यांत धरून मोठ्या चिमट्याने सरळ रेषेत ओढायचा, म्हणजे तो मोडणार नाही. नंतर मीठ आणि सिरक्याने चूळ. यात बधिर करायचं इंजेक्शन आणि एक्स-रे घातला तर आजच्या पाठ्यपुस्तकापासून हे फार लांब नाही. बाराव्या शतकात क्रेमोनाच्या जेरार्डने या भागाचं लॅटिन भाषांतर केलं आणि युरोपच्या शल्यविद्येत हे पुस्तक कित्येक शतकं वापरात राहिलं. आपल्याकडे १९०८ मध्ये लखनौच्या नामी प्रेसने त्याचा अरबी मजकूर छापला.

अज-जहरावीने न्हाव्यांना नावं ठेवली खरी. पण प्रश्न असा की त्याच्यासारखा हकीम गावोगाव कुठे होता? कुर्तुब्याच्या दरबारात होता. खेड्यात न्हावीच होता. आपल्याकडे 'हज्जाम' हा शब्द मुळात हिजामा करणाऱ्याचा, म्हणजे तुंबड्या लावून रक्त काढणाऱ्याचा. तोच पुढे केस कापणारा झाला. दाढी, खतना, गळू फोडणं, दात काढणं ही सगळी कामं त्याच्याच धोपटीतली. हिंदू वस्तीत हीच कामं नाभिक करी. शहरांत जर्राह असत, त्यांची पायरी थोडी वरची. इंग्लंडमध्येही हेच होतं. लंडनमध्ये १५४० साली न्हावी आणि शल्यवैद्य यांची एकच संघटना बनली आणि १७४५ मध्ये ते वेगळे झाले. तिथे त्या कारागिरीतून १८०० साली रॉयल कॉलेज उभं राहिलं. आपल्याकडे हज्जाम हज्जामच राहिला. त्याचं कौशल्य कुणी शिकायच्या लायकीचं मानलं नाही, लिहून घेतलं नाही. त्याच्या हाताने दात काढून घेणारे त्याच्या ताटात मात्र जेवले नाहीत. जातीची ही गोष्ट फक्त हिंदू समाजाची आहे असं समजून मुसलमान वाचकाने हा परिच्छेद ओलांडून जाऊ नये. आपल्याकडे अशराफ आणि अजलाफ हे शब्द उगाच आलेले नाहीत.

वेदनेचा प्रश्न सुटला तो अमेरिकेत, आणि तोही दातांच्या डॉक्टरांमुळेच. ११ डिसेंबर १८४४ रोजी हार्टफर्डच्या होरेस वेल्सने नायट्रस ऑक्साइड हुंगून स्वतःचा दात काढवून घेतला. १६ ऑक्टोबर १८४६ रोजी बोस्टनमध्ये विल्यम मॉर्टन या दंतवैद्याने ईथर देऊन रोग्याला झोपवलं. १८८४ मध्ये कोकेनने जागा बधिर करता येते हे कळलं, १९०५ च्या सुमारास नोव्होकेन आलं, १९४३ मध्ये लिग्नोकेन. एक्स-रेचा शोध १८९५ चा आणि काही आठवड्यांतच दातांचा एक्स-रे निघाला. अक्कलदाढ हाडात कशी आडवी झोपलीय हे दिसायला लागल्यावरच ती काढण्याची शस्त्रक्रिया ही आंधळी ओढाताण राहिली नाही.

हिंदुस्थानात मात्र विसावं शतक उजाडलं तरी दंतवैद्यक शिकायला एकही कॉलेज नव्हतं. ते ज्याने काढलं त्याचं नाव डॉ. रफिउद्दीन अहमद. हे नाव मराठी मुसलमानांच्या घरात क्वचितच ऐकू येतं, म्हणून जरा थांबून सांगतो. जन्म २४ डिसेंबर १८९० चा, पूर्व बंगालातला. शिक्षण अलीगढला, मग अमेरिकेत आयोवा विद्यापीठात. तिथून १९१५ मध्ये ते डेंटल सर्जन झाले. बोस्टनमध्ये मुलांच्या दातांच्या फोरसाइथ दवाखान्यात काम केलं आणि १९१९ मध्ये परत आले. तिकडे राहिले असते तर आरामात राहिले असते. इथे येऊन त्यांनी १९२० मध्ये कलकत्त्यात देशातलं पहिलं डेंटल कॉलेज सुरू केलं. सरकारी अनुदान नव्हतं, कुणी नवाब पाठीशी नव्हता. पैसा आला तो 'न्यू यॉर्क सोडा फाउंटन' नावाच्या आइस्क्रीमच्या दुकानातून, जे त्यांनीच काढलं होतं. अक्कलदाढ काढल्यावर डॉक्टर आजही सांगतात, दोन दिवस थंड खा, आइस्क्रीम चालेल. या देशातलं दंतवैद्यकच आइस्क्रीमवर उभं राहिलंय, हे त्यातल्या किती जणांना ठाऊक असेल?

१९२५ मध्ये त्यांनी दंतवैद्यकाचं नियतकालिक काढलं, १९२८ मध्ये विद्यार्थ्यांसाठी पुस्तक लिहिलं. १९३९ चा बंगालचा दंतवैद्य कायदा व्हावा म्हणून खपले. फाळणी झाली तेव्हा त्यांचं जन्मगाव पाकिस्तानात गेलं. ते कलकत्त्यातच राहिले. १९४९ मध्ये आयुष्यभर उभं केलेलं कॉलेज त्यांनी पश्चिम बंगाल सरकारला देऊन टाकलं. बिधानचंद्र रॉय यांच्या मंत्रिमंडळात मंत्री झाले. १९६४ मध्ये पद्मभूषण मिळालं आणि पुढच्याच वर्षी फेब्रुवारीत ते गेले. त्यांचा जन्मदिवस देशात दंतवैद्य दिन म्हणून पाळला जातो. दवाखान्यांत केक कापला जातो, मोफत तपासणी होते. पण ज्यांच्यासाठी तो केक, त्यांचं नाव कुठे लावलेलं दिसत नाही.

त्यांच्या कॉलेजात शिकलेल्या सुरुवातीच्या विद्यार्थ्यांत एक मुंबईकर तरुणी होती. वांद्र्याच्या कॉन्व्हेंटमध्ये आणि खंडाळ्याच्या शाळेत शिकलेली, तिशीच्या घरात आलेली. तिने १९२३ मध्ये मुंबईत अब्दुल रहमान स्ट्रीटवर स्वतःचा दातांचा दवाखाना उघडला. तिचं नाव फातिमा जिना. शंभर वर्षांपूर्वी एक मुसलमान बाई, बिनलग्नाची, मुंबईच्या भर बाजारपेठेत दवाखान्याची पाटी लावून दात काढते, हे दृश्य डोळ्यांपुढे आणा. आज मुलीला बीडीएसला घालताना 'परपुरुषाच्या तोंडात हात घालायचा का' असं विचारणारे लोक मला माहीत आहेत. १९२९ मध्ये रतनबाई वारल्या, भाऊ एकटा पडला, आणि फातिमांनी दवाखाना बंद करून त्याचं घर सांभाळायला घेतलं. त्यापुढचा इतिहास सगळ्यांना माहीत आहे, त्याबद्दल ज्याचं त्याचं मतही ठाम आहे. माझंही आहे, आणि ते त्यांच्या राजकारणाच्या बाजूचं नाही. पण त्या सहा वर्षांचा हिशेब वेगळा ठेवायला हवा. फाळणीने जमीन वाटली, माणसं वाटली आणि आठवणीही वाटल्या. फातिमा जिना तिकडे 'मादर-ए-मिल्लत' झाल्या, इकडे त्यांचं नाव घेणं अवघड झालं. मुंबईची ही दंतवैद्य त्या दोन्हींच्या मध्ये हरवली.

पुढचं झपाट्याने झालं. १९३३ मध्ये मुंबईत नायर रुग्णालयाचं डेंटल कॉलेज आलं. १९४८ मध्ये देशाचा दंतवैद्य कायदा झाला. त्या कायद्याने नोंदवहीचे दोन भाग केले. पहिल्यात पदवीधर, दुसऱ्यात पदवी नसलेले पण पाच वर्षं या धंद्यावर पोट भरणारे. हाताने शिकलेल्या जुन्या माणसांना कायद्याने दार उघडलं ते तेवढ्यापुरतं. जे तेव्हा नोंदले गेले नाहीत ते कायमचे बाहेर राहिले. विदर्भाला सरकारी डेंटल कॉलेज मिळायला १९६८ साल उजाडावं लागलं, तेही नागपुरात. आमच्या बोरीपासून नागपूर दीडशे किलोमीटरच्या वर. त्यामुळे माझ्या लहानपणीही बाजाराच्या दिवशी कापड अंथरून, त्यावर काढलेल्या दातांची रास मांडून बसणारा माणूस असायचा. ती रास हीच त्याची पदवी. मजुरी बुडवून, भाडं घालून शहरात जाण्यापेक्षा लोक त्याच्यासमोर बसत. त्यांना अडाणी म्हणणं सोपं आहे.

आज परिस्थिती बदलली. वर्ध्याजवळ सावंगीला १९९१ पासून डेंटल कॉलेज आहे, यवतमाळला आणि दारव्ह्याला पदवीधर डॉक्टर आहेत. आता उलटा प्रश्न येतो: प्रत्येक अक्कलदाढ काढायलाच हवी का? ब्रिटनच्या सरकारी आरोग्य यंत्रणेने २००० सालीच सांगून टाकलं की नुसती अडकलीय म्हणून निरोगी दाढ काढू नका. ती किडली असेल, पुन्हा पुन्हा सुजत असेल, गाठ होत असेल, शेजारच्या दाढेला खात असेल तर काढा. अमेरिकेत जे फ्रीडमन यांनी २००७ मध्ये हिशेब मांडला की तिथल्या किमान दोन तृतीयांश अक्कलदाढा विनाकारण काढल्या जातात. अज-जहरावीचं 'घाई करू नका' अजून शिळं झालेलं नाही. डॉक्टरला विचारायला लाजू नये: का काढायची, नाही काढली तर काय होईल, खालच्या जबड्यातली नस किती जवळ आहे? चांगला डॉक्टर या प्रश्नांनी चिडत नाही, एक्स-रे उजेडाला धरून दाखवतो.

पण विदर्भात अक्कलदाढेचा प्रश्न शेवटी वेगळ्याच जागी जाऊन अडतो. दाढ दुखते म्हणून पोरगा तंबाखूची चिमूट तिथे धरतो. थोडं बधिर होतं, बरं वाटतं. मग खर्रा. सुपारी, तंबाखू, चुना घोटून केलेला, पन्नीत बांधलेला. तो गालात धरायची जागाही बरोबर तीच, शेवटच्या दाढांपाशी. २०१२ मध्ये महाराष्ट्रात गुटख्यावर बंदी आली, खर्रा टपरीवर घोटला जातोच आहे. लग्नात, मयतीत, दर्ग्याच्या उरुसात, पोळ्याला, सगळीकडे. सुपारीनेच कर्करोग होतो हे जागतिक पातळीवर २००४ मध्ये मान्य झालं, तरी 'तंबाखू नाही, नुसती मीठी सुपारी खातो' हे उत्तर अजून ऐकू येतं. सुपारीने गालाच्या आतलं मऊ अस्तर चामड्यासारखं ताठ होतं, तोंड थोडं थोडं मिटत जातं. तिखट लागेनासं होतं म्हणजे सोसवत नाही, भाकरीचा घास लहान करावा लागतो. आणि नेमकी तेव्हा अक्कलदाढ सुजली, तर डॉक्टरच्या हातात चिमटा आहे, इंजेक्शन आहे, एक्स-रे आहे, फक्त आत जायला वाट नाही. अज-जहरावीकडे जे नव्हतं ते सगळं आपल्याकडे आहे आणि त्याच्या रोग्याचं जे उघडत होतं तेच आपलं उघडत नाही.

घरात विशीतला मुलगा असेल तर आज रात्री जेवायच्या आधी त्याला एक करायला सांगा. तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका एकमेकांना चिकटवून, एकावर एक उभी धरून, वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांच्या मध्ये घालायची. निरोगी तोंडात ती तिन्ही सहज मावतात. दोनच मावली तर दाढेचं नंतर बघू, आधी त्याच्या खिशातली पन्नी बघा आणि त्याला डॉक्टरकडे घेऊन जा.